आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाआधी सात आठवडे हातात आहेत, पोरीला काय शिकवू?

करवीरकन्या | ७ जून, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी सिव्हिल डिप्लोमा केलेली. गेली २२ वर्षं कोल्हापुरात एका सल्लागाराच्या ऑफिसात ड्रॉइंग आणि एस्टिमेट करते. माझ्या चुलतभावाची मुलगी यंदा बारावी सायन्स झाली. नाटाचे, म्हणजे आर्किटेक्चरच्या प्रवेश परीक्षेचे मार्क चांगले आलेत, बी.आर्क.ला प्रवेश मिळेल असं दिसतंय. मधे सात आठवडे मोकळे आहेत. आजरा तालुक्यातलं गाव, दहावीपर्यंत मराठी माध्यम. भाऊ म्हणाला, "आक्का, तेवढे दिवस तुझ्याकडं ठेवतो. शहरातल्या पोरांच्या मागं पडायला नको. काय शिकवायचं ते तू शिकव."

आल्या दिवशी जेवणं झाल्यावर मी तिला म्हटलं, या खोलीचा नकाशा काढ बघू. तिनं पट्टी घेऊन सुरेख चौकोन काढला, दार दाखवलं, खिडकी दाखवली. हाताला सफाई आहे. पण छताखाली बीम उतरलाय, खिडकीशेजारी कोनाडा आहे, दार आत उघडतं, यातलं कागदावर काहीच आलं नाही. ज्या खोलीत बसली होती ती तिनं पाहिलीच नव्हती. 'खोली' म्हटल्यावर डोक्यात जो चौकोन येतो, तो काढला होता.

तेव्हापासून माझ्या मनानं घेतलंय की या सात आठवड्यांत हिला बघायला आणि मोजायला शिकवावं. बाकीचं कॉलेज बघून घेईल. भाऊ म्हणतो, ऑटोकॅड शिकव, तुला येतंय की. येतंय, पण आत्ता शिकवावंसं वाटत नाही.

मी आर्किटेक्ट नाही, म्हणून विचारते. इथं आर्किटेक्ट आहेत, शिकवणारे आहेत, पालक आहेत. पहिल्या वर्षात पाऊल टाकण्याआधी काय आलं असतं तर बरं झालं असतं, असं तुम्हाला वाटतं?

मी_सदाशिव | ७ जून, रात्री ९:५८

झोपू द्या पोरीला. पुढची पाच वर्षं मिळायची नाही. बहीण आर्किटेक्ट आहे, घरात सगळं बघितलंय.

पिक्सेल_पाटील | ७ जून, रात्री १०:२०

ताई, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. मी थ्रीडी व्ह्यू करून देतो, ७-८ ऑफिसांची कामं माझ्याकडे असतात. बघायला-मोजायला शिकवणं ठीक, पण आज ऑफिसात उभं राहिल्यावर पहिला प्रश्न येतो, सॉफ्टवेअर कुठलं येतं? ऑटोकॅड आणि स्केचअप आत्ताच शिकून घेतलं तर दुसऱ्या वर्षापासून सुट्टीत चार पैसे कमावता येतील. खेड्यातून येणाऱ्या मुलीला आत्मविश्वास कशानं येतो? मुंबई-पुण्याची मुलं लॅपटॉप उघडून बसतात तेव्हा आपण कोरे नाही, हे कळल्यानं. मी स्वतः तालुक्यातून आलोय. पहिलं वर्ष फार जड गेलं मला, म्हणून तळमळीनं सांगतोय.

पडवी | ८ जून, सकाळी ७:१५

रत्नागिरीत प्रॅक्टिस करते, अठरा वर्षं झाली. करवीरकन्या, तुमच्या मनानं अगदी बरोबर घेतलंय.

पिक्सेल_पाटील यांचा मुद्दा मला पटतो, फक्त त्याची जागा दुसऱ्या वर्षात आहे. माझ्याकडे इंटर्न येतात. स्केचअपमध्ये जिना झरझर उभा करतात. पायरी किती घेतली विचारलं की स्क्रीनकडे बघून सांगतात, कारण आकडा अंगात उतरलेलाच नसतो. पायरीची उंची १५ ते १८ सेंटीमीटर, पाऊल ठेवायची रुंदी २५ ते ३०. उंचीची दुप्पट अधिक रुंदी साधारण ६० ते ६३ आली की चढताना दम लागत नाही. हे सूत्र पाठ करायला एक मिनिट लागतं. पण पोरीला गावातले आणि शहरातले मिळून वीस जिने टेप घेऊन मोजायला लावा आणि प्रत्येकापुढे 'चढताना कसं वाटलं' एवढं एक वाक्य लिहायला सांगा. मग बघा.

आणि जून लागलाय, आजऱ्याकडचा पाऊस म्हणजे चेष्टा नव्हे. त्या पावसाचा उपयोग करा. शनिवार-रविवारी गावी जाईल तेव्हा तासभर सोप्यात बसवा. पागोळ्या भिंतीपासून किती लांब पडतात? जोत्यावर शिंतोडे किती उंचीपर्यंत उडतात? झड कुठल्या बाजूनं येते, आणि त्या बाजूच्या भिंतीला खिडक्या कमी का? आमच्याकडे पावसाळ्याआधी पश्चिमेच्या अंगाला झावळ्यांची झापं बांधायचे. त्यामागचं कारण जिला भिजून कळलंय, तिला पुढे क्लायमॅटॉलॉजीचा पेपर अवघड जात नाही. वळचण किती पुढे काढायची हे मला पुस्तकानं नंतर शिकवलं, आजीच्या घरानं आधी.

चित्रगुंजन | ८ जून, सकाळी ९:०५

निवृत्त कलाशिक्षक. मुलीनं एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिली आहे का? दिली असेल तर रेषा हातात असेल, पण एक सवय मोडावी लागेल. ग्रेड परीक्षेची तयारी करताना मुलं ठरावीक झाड, ठरावीक डोंगर, ठरावीक झोपडी घोटून घोटून बसवतात. आम्हीच बसवून घेतो, हे मी मोकळेपणानं कबूल करतो. ते झाड कुठल्याच गावात उगवत नाही.

माझा एकच उपाय. रोज एक वस्तू, दहा मिनिटं, खोडरबर न घेता. तांब्या, अडकित्ता, चप्पल, उघडी छत्री. चुकलेली रेष तशीच ठेवायची आणि शेजारी बरोबर काढायची. पेन्सिल २बी किंवा ४बी, एचबीनं हात आखडतो. आठ दिवसांनी पहिला कागद काढून शेवटच्याशेजारी ठेवा. तिला काही सांगावं लागणार नाही.

नगरी_चिवडा | ८ जून, सकाळी १०:३०

अवांतर: पोरगी आर्किटेक्चरला चाललीय हे कळल्याबरोबर नातेवाईक विचारणार, "आमच्या घराचं तोंड दक्षिणेला आहे, काय करू?" त्याचं उत्तर मात्र नक्की तयार करून पाठवा. माझ्या मेहुणीला साखरपुड्यात तिघांनी ईशान्य कोपरा विचारला होता.

पडवी | ८ जून, सकाळी १०:५२

@नगरी_चिवडा, हसले, पण त्यात काही खोटं नाही. वास्तुकला आणि वास्तुशास्त्र ही गल्लत जन्मभर निस्तरावी लागते. नावाच्या बाबतीत कायदा स्पष्ट आहे. वास्तुविशारद अधिनियम १९७२ चा. मान्यताप्राप्त शिक्षण आणि वास्तुकला परिषदेकडे नोंदणी असल्याशिवाय स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही. पोरीला हे आधी माहीत असलेलं चांगलं. डिग्री पाच वर्षांची का, मधे ऑफिसातलं प्रशिक्षण कशाला, असं घरचे विचारतात तेव्हा उत्तर देता येतं.

कोरा_कागद | ८ जून, रात्री ११:१०

मी एका कॉलेजात पहिल्या वर्षाचा स्टुडिओ, म्हणजे डिझाइनचा वर्ग घेतो. हा धागा दिवसभर वाचतोय, आता निवांत लिहितो.

दरवर्षी पहिल्या आठवड्यात मी मुलांना एक काम देतो. आज घरून किंवा हॉस्टेलवरून कॉलेजात आलात, तो रस्ता आठवून काढा. नकाशा काढा, चित्र काढा, काहीही. बहुतेक कागदांवर येतं ते मोबाइलमधल्या नकाशासारखं, वरून पाहिलेलं. रस्त्यावरची सावली कुठे होती, कुठे उभं राहावंसं वाटलं, कुठून पळून जावंसं वाटलं, हे शंभरात चार-पाच जणांच्या कागदावर उतरतं. त्या चार-पाचांत खेड्यातून आलेली मुलं हमखास असतात, हे मी इतकी वर्षं पाहतोय. त्यामुळे करवीरकन्या, 'मागं पडायला नको' ही भीती भावाच्या मनातून काढून टाका. पोरगी रिकाम्या हातानं येत नाहीये.

तरी ती अडखळते कुठे तेही सांगतो. पहिलं, सेक्शन. प्लॅन सगळ्यांना जमतो, कारण घर वरून कापलंय हे मनाला लवकर पटतं. उभा काप घेतल्यावर काय दिसेल, हे डोळ्यांपुढे यायला महिने जातात. त्यासाठी कागदाआधी भाजी कापा. ढोबळी मिरची आडवी कापली की प्लॅन, उभी कापली की सेक्शन. दोन्ही काप शेजारी ठेवून काढायला लावा, तेही एकाच मापात. कापलेला भाग जाड रेषेत, मागचा दिसणारा बारीक रेषेत. मिरचीनंतर कांदा, मग दुधी, मग काडेपेटी, मग तुमच्या घराचा जिना. चार दिवसांत फरक पडतो.

दुसरी अडचण जास्त दुखरी आहे. ज्युरी. रात्र रात्र जागून केलेलं काम भिंतीवर लागतं, समोर दोघं-तिघं बसतात आणि म्हणतात, हे पुन्हा कर. कधी त्याहून वाईट बोलतात. असं बोलू नये, असं माझं ठाम मत आहे, आणि मी माझ्या स्टुडिओत ते होऊ देत नाही. पण पोरीला सगळीकडे सांभाळून बोलणारेच भेटतील, याची हमी कोण देणार? बारावीपर्यंत उत्तर बरोबर किंवा चूक असतं. इथे पाच मुलांची पाच उत्तरं असतात आणि पाचही अर्धी असतात. पहिल्या नंबरानं पास होत आलेलं मूल याच जागी कोसळतं.

म्हणून आठवड्यातून एकदा तिचे कागद भिंतीला चिकटवा. तिला उभं राहून तीन मिनिटं बोलू द्या, मराठीत. काय बघितलं, काय ठरवलं, काय जमलं नाही. मग तुम्ही प्रश्न विचारा. कागदाबद्दल विचारा, तिच्याबद्दल विचारू नका. "ही खिडकी इथे का?" हा प्रश्न झाला. "तुला कळत नाही का?" हा प्रश्न नव्हे.

करवीरकन्या | ९ जून, रात्री ९:३०

कोरा_कागद, पडवी, चित्रगुंजन सर, तुमचे प्रतिसाद पोरीला मोठ्यानं वाचून दाखवले. मिरची आज कापली. दुसऱ्या कागदावर तिनं बिया एकेक करून काढल्या आणि अचानक म्हणाली, "आत्या, आत केवढी जागा रिकामी आहे, बाहेरून कळतच नाही."

पिक्सेल_पाटील, राग अजिबात नाही. तुमच्या अनुभवाचं वजन कळतं. शेवटच्या आठवड्यात ऑटोकॅड उघडून दाखवीन. आपणच मोजलेली खोली त्यात कशी काढतात, एवढंच.

इंग्रजीचं मात्र मनात आहे. तिला त्याची धास्ती वाटते.

कोरा_कागद | ९ जून, रात्री १०:०५

इंग्रजी शब्द कामाबरोबर येतात. वहीत दोन रकाने करा. डावीकडे तिच्या घरातले शब्द: जोतं, सोपा, माजघर, परडं, तुळई, कोनाडा, उंबरा, वळचण. उजवीकडे कॉलेजातले: प्लिंथ, बीम, निश, थ्रेशोल्ड, ईव्ह्ज. सोपा, माजघर यांच्यासमोर रकाना रिकामाच राहील, राहू द्या. आणि छज्जा, जाळी हे शब्द इंग्रजी ड्रॉइंगवरसुद्धा आपण तसेच लिहितो, हे तिला नक्की दाखवा.

गुण्या_ओळंबा | १० जून, दुपारी २:४०

मी बांधकाम ठेकेदार, कराड. शिक्षण दहावी. वडील गवंडी होते. एरवी मी इथं फक्त वाचतो, आज लिहावं वाटलं.

ताई, पोरीला साइटवर पाठवा. आठ दिवस. कोल्हापुरात तुमच्या ओळखीचे मिस्त्री असतीलच. हातात ओळंबा द्या आणि भिंत सरळ आहे का बघ म्हणावं. दोरीनं काटकोन मारायला शिकवा, ३ फूट, ४ फूट, ५ फूट. शाळेत पायथागोरस शिकलीय, पण इथं त्याचं काम बघंल. लेव्हल पाइपात पाणी भरून चार कॉलमवर एकच खूण कशी मारतात ते दाखवा. त्यात बुडबुडा राहिला तर सगळं चुकतं, तो बुडबुडा तिनं स्वतः काढला पाहिजे.

आमच्याकडं नवीन आर्किटेक्ट येतात, हुशार असतात. पण ड्रॉइंगवर ९ इंची भिंत नऊच इंच धरतात. दोन्ही बाजूचा गिलावा धरत नाहीत. मग खोलीत कपाट बसत नाही आणि भांडण आमच्याशी. पोरीच्या हातानं एक फूटभर भिंत रचून, गिलावा करून, मग टेपनं मोजून घ्या. जन्मात विसरणार नाही.

आणि मोजताना खोलीचा कर्ण घ्यायला सांगा. जुन्या घरातली एक खोली गुण्यात, म्हणजे काटकोनात नसते.

श्टुटगार्टकर | १० जून, रात्री ११:५०

गुण्या_ओळंबा यांचा प्रतिसाद वाचून राहवलं नाही. मी जर्मनीत स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. इथल्या बऱ्याच विद्यापीठांत आर्किटेक्चर शिकायचं तर काही आठवडे बांधकामाच्या साइटवर काम केल्याचा दाखला लागतो, काही ठिकाणी तर अभ्यासक्रम सुरू होण्याआधीच. माझ्या शेजारच्या टेबलावरची आर्किटेक्ट अठराव्या वर्षी सुताराच्या हाताखाली छपरावर होती. आजही ती लाकडाचा सांधा काढते तेव्हा तो उघडून दाखवावा इतका खरा असतो. कराड आणि श्टुटगार्ट यांचं या बाबतीत एकमत आहे.

नगरी_चिवडा | ११ जून, सकाळी ८:१०

+१. गुण्या_ओळंबा दादा, तुम्ही वेगळा धागा काढाच. नाव 'गिलावा धरला का?'

मधुमालती | ११ जून, दुपारी ३:२०

मी पालक म्हणून लिहिते. माझ्या मुलानं दुसऱ्या वर्षानंतर आर्किटेक्चर सोडलं. हुशार होता, चित्रकला उत्तम. त्याला वाटलं होतं, चित्रं काढायला मिळतील. आम्हालाही तेच वाटलं. प्रवेशाआधी एकदाही आम्ही कुठल्या आर्किटेक्टच्या ऑफिसात जाऊन दिवसभर बसलो नाही की हे काम नेमकं काय असतं. नाटाच्या क्लासला भरपूर पैसे भरले, तिथे फक्त पेपर सोडवून घेतले.

पहिल्या सबमिशनला तीन रात्री जागला. त्यानंतर ते नेहमीचंच झालं. घरी आला की बोलायचा नाही. एकदा मॉडेल करताना कटर बोटात गेला, चार टाके पडले, तरी रात्री पुन्हा बसला. मी दारात उभी राहून बघत होते. मला वाटायचं, मेहनत करतोय, चांगलं आहे. आज वाटतं, तेव्हाच आत जाऊन विचारायला हवं होतं.

तो आता आनंदात आहे, ग्राफिक डिझाइन करतो. म्हणून ही तक्रार नाही. पण करवीरकन्या, तुम्ही शिकवाल त्यात एवढं घाला. थकलं की सांगायचं. नाही जमलं तर सांगायचं. आणि घरच्यांनाही शिकवा, विचारायचं कसं ते.

पडवी | ११ जून, सायंकाळी ६:००

मधुमालती, लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. रात्री जागण्याची शेखी मिरवायची रीत आमच्या पिढीनं वाढवली आणि ती आता मोडायला हवी. माझ्या ऑफिसात रात्री आठनंतर कुणी थांबत नाही.

कटरचं एक कामाचं सांगते. पोरीला आत्ताच शिकवा: स्टीलची पट्टी, खाली कटिंग मॅट, नवं पातं, आणि एका दमात कापायचं नाही. हलक्या हातानं तीन-चार वेळा ओढायचं. बोटं पट्टीच्या कडेपासून मागे. बोथट पात्यानं बोट कापायची भीती जास्त, कारण आपण जोर लावतो.

फोंडेकर | १२ जून, रात्री १०:१५

सात आठवड्यांत एक प्रवासही ठेवा. आजऱ्याहून आंबोलीमार्गे गोवा काही लांब नाही. पणजीत कांपालला कला अकादमी आहे, आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया यांची. रस्त्यावरून ती ठेंगणी, बसकी दिसते, पण आत शिरलात की वाट थेट मांडवीच्या काठापर्यंत नेते. मोठ्या नाट्यगृहाच्या भिंतींवर व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांनी प्रेक्षकांनी भरलेले सज्जे रंगवलेत, त्यामुळे रिकामं सभागृहही भरल्यासारखं वाटतं. मी लहानपणी तिथे नाटकाला जायचो, तेव्हा पायऱ्यांवर बसून गप्पा मारायला जागा कशी इतकी सोयीची, याचं नवल वाटायचं. ती तशी केलेली होती, हे फार नंतर कळलं.

आचरेकर_बाबा | १३ जून, सकाळी ६:४०

कोरिया निघाले तर आमच्या आचऱ्याचे अच्युत कानविंदेही येऊ देत. जन्म १९१६ चा, शिक्षण मुंबईच्या जे.जे.त, मग हार्वर्ड. आयआयटी कानपूरचं संकुल त्यांचं. आणि बाळकृष्ण दोशी जन्मले पुण्यात, १९२७ साली, तेही जे.जे.चे. २०१८ साली वास्तुकलेतला सर्वोच्च मानला जाणारा प्रित्झ्कर पुरस्कार मिळवणारे ते पहिले भारतीय. पोरीला ही नावं सांगा. आडगावातून निघून तिथवर जाता येतं, हे कळू दे.

चित्रगुंजन | १३ जून, सकाळी ९:३०

लांब कशाला जायचं? खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर कोल्हापूर जिल्ह्यातच आहे. बाराव्या शतकातलं, शिलाहारांच्या काळातलं. कोरा_कागद यांनी सेक्शनचं लिहिलंय, तर तो शिकायला स्वर्गमंडपासारखी जागा नाही. मध्यभागी गोल शिळा, भोवती खांबांचं वर्तुळ आणि डोक्यावर गोल मोकळं आकाश. प्लॅनमध्ये ते नुसतं वर्तुळ. उभा काप काढल्याशिवाय आकाश कागदावर येतच नाही.

विद्यार्थी_सहायक | १४ जून, दुपारी १२:००

थोडं व्यवहाराचं. २०२४-२५ पासून राज्यात व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत आहे. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला तर ती मिळत नाही. उत्पन्नाचा दाखला, जातीचे कागद, नॉन-क्रिमिलेअर हे आत्ताच काढून ठेवा, तहसीलात नंतर गर्दी होते. अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर.

आणि ड्राफ्टर, रंग, बोर्ड यांची खरेदी आधी करू नका. कॉलेज यादी देतं. वरच्या वर्गातल्या मुलांकडून अर्धं सामान निम्म्या किमतीत मिळतं.

करवीरकन्या | १४ जून, रात्री ९:१५

दाखल्यांचं फार उपयोगी सांगितलंत. भाऊ सोमवारीच तहसीलात जातोय. साइटवर पाठवण्याचंही ठरलं. माझ्या ओळखीचे मिस्त्री, त्यांच्या हाताखाली बायका पण आहेत, त्यामुळे ती मोकळेपणानं वावरेल.

पिक्सेल_पाटील | १५ जून, रात्री ११:००

तीन दिवस विचार केला. काल एका क्लायंटच्या स्वयंपाकघराचा व्ह्यू करत होतो. ओटा मी सवयीनं ३४ इंच घेतला होता. आईला फोन केला, आपला ओटा किती आहे गं? ती म्हणाली, मोजला नाही, पण पोळ्या लाटताना खांदा दुखतो एवढं माहितीय. घरी जाऊन मोजला, ३६ निघाला. आईची उंची पाच फूटसुद्धा नाही. आठ वर्षं त्या घरात आहोत आणि मी रोज स्वयंपाकघरं बनवतो.

करवीरकन्या ताई, सॉफ्टवेअरचं माझं म्हणणं मी मागे घेत नाही. पण क्रम तुमचा बरोबर आहे. शेवटच्या आठवड्यात ऑटोकॅड दाखवाल तेव्हा काही अडलं तर मला कळवा, मी ऑनलाइन बसतो तिच्याबरोबर.

करवीरकन्या | २६ जुलै, रात्री १०:००

मंडळी, सात आठवडे झाले. धागा वर काढते, कारण तुमच्यामुळे काय घडलं ते तुम्हाला कळायला हवं.

ठरवलं तसं सगळं नाही झालं. गोव्याला जाता आलं नाही, घाटात पाऊस फार होता. खिद्रापूरला गेलो. पोरगी त्या गोल शिळेजवळ बराच वेळ उभी राहिली, वही मिटूनच. वरून पाऊस थेट आत येत होता. घरी आल्यावर रात्री तिनं सेक्शन काढला, खांबांची मापं अंदाजे आहेत, पण वरचं आकाश तिनं रिकामं ठेवलं आणि पावसाच्या रेषा फक्त तेवढ्याच भागात काढल्या. मी काही शिकवलं नव्हतं त्यातलं.

साइटवर आठऐवजी पाचच दिवस गेली. चौथ्या दिवशी लेव्हल पाइपात बुडबुडा राहिला, दोन कॉलमवरच्या खुणा बोटभर वरखाली आल्या. मिस्त्री ओरडले नाहीत, पाइप परत भरायला लावला. रात्री तिनं वहीत लिहिलं, 'पाणी खोटं बोलत नाही, मी पाइप नीट बघितला नव्हता.'

दर रविवारी रात्री भिंतीवर कागद लावून बोलायचो. पहिल्या वेळी एक मिनिटही नीट बोलली नाही, डोळे भरून आले. मी कागदाबद्दलच विचारत राहिले, कोरा_कागद सरांनी सांगितलं तसं. गेल्या रविवारी दहा मिनिटं बोलली आणि माझ्या एका प्रश्नाला "आत्या, तुझं चुकतंय" म्हणाली. खरंच माझं चुकत होतं.

आणि शेवटचं मोठं काम, गावातलं आमचं जुनं घर. तीन शनिवार-रविवार लागले. टेपचं एक टोक तिच्या हातात, दुसरं भावाच्या. एरवी दोघांचं बोलणं 'जेवलीस का'च्या पुढे जात नाही. भिंती ४५ ते ५० सेंटीमीटर निघाल्या, जागोजागी वेगळ्या. माजघराचे दोन कर्ण घेतले, त्यात ११ सेंटीमीटरांचा फरक. गुण्या_ओळंबा दादा, तुमची आठवण काढली. १:५० ला सगळं घर एका मोठ्या कागदावर बसवलं. आजोबांना दाखवलं तर त्यांनी चष्मा लावून आधी स्वतःची खाट शोधली. खाट काढलेली होती.

मधुमालतीताई, तुमचं लिहिणं भावाला वाचून दाखवलं. तो काही बोलला नाही. पण जाताना पोरीला म्हणाला, "रात्री कितीही वाजता फोन कर, मी उचलतो."

प्रवेशाची फेरी सुरू आहे.

कोरा_कागद | २६ जुलै, रात्री १०:४०

वाचून फार बरं वाटलं. ते घराचं ड्रॉइंग गुंडाळी करून सोबत द्या. माझ्या स्टुडिओत आली तर पहिल्या दिवशी तेच भिंतीवर लावायला सांगेन.

पडवी | २७ जुलै, सकाळी ७:०५

आणि जिने? वीस झाले का मोजून?

करवीरकन्या | २७ जुलै, सकाळी ८:३०

चौदा झाले. त्यातला गावच्या घराचा माळ्यावर जायचा जिना सर्वांत चढा. पायऱ्या १९-१९ च्या, आणि सर्वांत वरची एकदम २३. त्या पायरीला घरातला प्रत्येक पाहुणा अडखळलाय, मीसुद्धा लहानपणी पडलेय. का ते आत्ता, मोजल्यावर कळलं. पोरगी म्हणाली, वरची पायरी दुरुस्त करून घेऊ. आजोबा म्हणाले, राहू दे, माझ्या पायाला सत्तर वर्षांची सवय आहे, बदललीस तर मी पडेन.

मग तिनं ती तशीच ठेवली आणि पायरीच्या कडेला चुन्याचा पांढरा पट्टा ओढला, पाहुण्यांसाठी.